घोट्यापाशी

माझी मैत्रीण वसुधा उत्खननात सापडलेली माणसांची हाडं तपासते. काल तिने एका बाईचं कमरेचं हाड खिडकीच्या उजेडात धरलं. तीन हजार वर्षांपूर्वीचं ते हाड कसर लागलेल्या शालीसारखं झालं होतं. भोकाभोकांतून ऊन येत होतं.

"मातीनं खाल्लं?" मी विचारलं.

"नाही, हे ती जिवंत असतानाचं. कॅन्सर असावा. शेवटी शेवटी तिला उभंही राहता येत नसणार."

त्या सांगाड्याला पावलं नव्हती. ती राहत होती त्या गावात मेलेल्या माणसाला घरातच, जमिनीखाली पुरत आणि पुरताना पावलं घोट्यापासून तोडत. आपलं माणूस उठून निघून जाऊ नये म्हणून असेल, असं वसुधा म्हणाली.

जी कित्येक दिवस अंथरुणावरून उठली नव्हती, तिचीसुद्धा. आधी मला त्या माणसांचा रागच आला. घरी पोचेपर्यंत मात्र तो राग उरला नव्हता.

आईच्या हाडांतही आता हेच दुखणं उतरलंय. संध्याकाळी नेहमीसारखी मी तिच्या पायांना तेल चोळायला बसले. हात घोट्यापाशी आले आणि तिथेच राहिले.

"सोड गं आता," आई म्हणाली. "मी कुठे पळून चाललेय?"