हॉरेस एंटविसलची हरकत

घरात हॉरेस एंटविसलने कधी कशालाच हरकत घेतली नव्हती. रस्सा खारट झाला, हरकत नाही. बायकोची, मेव्हिसची, बहीण आठवड्यासाठी म्हणून आली आणि ईस्टर उलटून गेला तरी हलली नाही, हरकत नाही. मेव्हिसने त्याची आवडती खुर्ची चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजाराला देऊन टाकली, तेव्हा तो जमिनीवर बसून पेपर वाचता वाचता म्हणाला, "हरकत नाही, पोरी. इथून पाठ ताठ राहते."

पण दर शुक्रवारी दुपारी अडीच वाजले, की लंडनला पार्लमेंटच्या मागच्या बाकावर बसलेला हाच माणूस छाती फुगवून ओरडायचा, "हरकत!"

ब्रॅकनशॉ गावाने त्याला चार वेळा निवडून पाठवलं होतं. त्याआधी तो ट्रामवर तिकीट तपासनीस होता. पहिल्या वर्षी बोलायला मिळावं म्हणून तो सभागृहात इतक्या वेळा उठला आणि बसला, की त्याचे गुडघे कुरकुरू लागले. तिथे तशीच पद्धत. बोलणारा खाली बसला की ज्याला बोलायचंय त्याने उठून उभं राहायचं, आणि अध्यक्षांची नजर दुसऱ्या कुणावर पडली की मुकाट्याने खाली बसायचं. शेवटी एकदा नजर हॉरेसवर पडली. तोवर त्याचं सगळं म्हणणं इतरांनी मांडून झालं होतं. तो म्हणाला, "माझं म्हणणं झालेलं आहे," आणि बसला. ब्रॅकनशॉच्या पेपरात ते भाषण संपूर्ण छापून आलं.

मग त्याला शुक्रवारचा शोध लागला. शुक्रवारी साध्या सभासदांची स्वतःची विधेयकं असतात. अडीचला चर्चा संपते आणि उरलेल्या विधेयकांची नुसती नावं वाचतात. कुणी काही बोललं नाही तर विधेयक गुपचूप पुढे सरकतं. एकाने जरी "हरकत" म्हटलं तर आडवं होतं. कारण द्यावं लागत नाही. उभंसुद्धा राहावं लागत नाही, म्हणजे गुडघ्यांचाही प्रश्न मिटला.

"ज्या कायद्यावर तिथे कुणी चकार शब्द काढला नाही, तो कायदा होता कामा नये," हॉरेस म्हणायचा. "बिनतिकीट प्रवासी आहे तो!"

गावातली पोरं त्याला हरकत्या म्हणायची. त्याचीही त्याला हरकत नव्हती.

मेव्हिसने हे सगळं हसण्यावारी नेलं होतं. तिला कळेना ते एकच, हे आपल्या आधीच कसं लक्षात आलं नाही. लग्नाच्या दिवशी पाद्रीबाबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं होतं, "या विवाहाला कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला." तेव्हा हात वर केला होता तो नवऱ्या मुलाने. मेव्हिसच्या आईने बाक घट्ट धरला होता. "माझी नाही," हॉरेस म्हणाला होता, "पण कुणाची असलीच, तर त्याला पुरेसा वेळ मिळाला का, एवढंच विचारतोय." म्हणजे माणसाचं लक्षण त्या दिवशीच दिसलं होतं. बघायला हवं होतं.

भानगड सुरू झाली ती चादरींवरून. गुडघ्यांमुळे जुनं जिन्याचं घर सोडून दोघं 'मिल कोर्ट'मध्ये, तळमजल्यावरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आली. पाडलेल्या सूतगिरणीच्या जागेवर उभी राहिलेली ती इमारत. मागे हिरवीगार बाग, ऊन, वारा, सगळं काही. मेव्हिसने पहिल्याच सोमवारी दोरी बांधून चादरी वाळत घातल्या, आणि चौथ्या चिमट्याला देखरेख करणारे मिस्टर स्प्रोट येऊन उभे राहिले.

"मिसेस एंटविसल, बाहेर कपडे वाळत घालायला बंदी आहे. इमारतीची शोभा जाते."

"चादरीने शोभा जाते? धुतलेल्या?"

"आज चादर आलीय. उद्या चड्डी येईल," स्प्रोट गंभीरपणे म्हणाले.

तेव्हापासून एंटविसलांच्या घरात पावसाळी कळा आली. चादरी दारांवर, मोजे हीटरवर, हॉरेसच्या लांब लोकरी चड्ड्या बाथटबावर फाशी दिल्यासारख्या. सगळ्याला कुबट वास. मेव्हिस रोज सकाळी खिडकीशी उभी राहून फुकट वाया जाणारा वारा बघायची आणि तिचा जीव तीळ तीळ तुटायचा.

नाताळच्या चहाला ती पार्लमेंटात गेली, तेव्हा तिने हे दुःख भेटेल त्याला सांगितलं. बहुतेकांनी मान हलवून सँडविच उचललं. विरोधी पक्षाच्या ग्वेन प्रॉसर नावाच्या एका वेल्श बाईने मात्र तिचा हात धरला. "माझ्या आईचंही अगदी हेच! कालच फोनवर रडली. थांबा, शुक्रवारी कुणी विधेयक आणायचं त्याच्या सोडतीत माझा नंबर लागलाय. अगदी शेवटचा आहे, पण लागलाय." आणि खरंच, तिने विधेयक आणलं. घराबाहेर कपडे वाळत घालण्याचा हक्क देणारं.

नंबर शेवटचा, म्हणजे चर्चेला वेळ उरणार नाही. म्हणजे शुक्रवारी अडीचला नुसतं नाव वाचलं जाणार. म्हणजे...

"हॉरेस," मेव्हिस म्हणाली. ती गुरुवारीच लंडनला त्याच्या भाड्याच्या खोलीवर येऊन दाखल झाली होती. "उद्या गप्प बसशील?"

हॉरेसच्या हातातला टोस्ट खाली आला. "तत्त्वाचा प्रश्न आहे गं."

"मग उद्या जाऊच नको."

"ते तर पळून जाणं झालं."

"सरकारनेसुद्धा कबूल केलंय हरकत घेणार नाही म्हणून. सगळ्या देशात एक माणूस उरलाय आडवा पडणारा, आणि तो नेमका माझ्या पलंगावर झोपतो!"

"कुबट चादरीवर," हॉरेस कळवळून म्हणाला. "मला काय वास येत नाही होय? पण पोरी, आज बायकोसाठी गप्प बसलो, तर उद्या कुणासाठी बसेन?"

त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता, की मेव्हिसला भांडताही येईना. तिने दुसरा विचार केला.

सभागृहाच्या दाराशी द्वारपालाजवळ तपकिरीची डबी असते. आत विडी-काडीला मनाई, म्हणून सभासदांना चिमूटभर तपकीर फुकट, असा जुना रिवाज. द्वारपाल मिस्टर टॅपस्कॉट यांनी नाताळच्या चहाला गंमत म्हणून मेव्हिसला थोडीशी कागदात बांधून दिली होती. ती पुडी अजून तिच्या पर्समध्ये होती.

शुक्रवारी सकाळी तिने हॉरेसचे दोन पांढरे रुमाल इस्त्री केले. दोन्हींवर तिनेच भरलेला एच. एकाच्या घडीत तिने पुडी रिकामी केली. नाव वाचण्याआधी हॉरेस नेहमी चष्मा काढून घामेजलं नाक पुसतो, हे तिला पक्कं माहीत होतं. माणूस शिंकत असताना काही म्हणू शकत नाही. तत्त्व शाबूत, चादरी मोकळ्या. दुसरा रुमाल तिने स्वतःसाठी घेतला, कारण तिचे स्वतःचे सगळे घरून ओलेच निघाले होते.

"मेव्हिस, रुमाल!" हॉरेस दारातून ओरडला, "बस चुकेल!" तिने घाईघाईत एक त्याच्या खिशात कोंबला, एक आपल्या बाहीत.

वरच्या गॅलरीत बसणाऱ्यांना तिथे 'परके' म्हणतात. परक्यांनी बोलायचं नाही, हसायचं नाही, टाळी वाजवायची नाही. हॉरेसचे सगळे पायमोजे रफू केलेली मेव्हिस परकी होऊन, हात मांडीवर ठेवून बसली. खाली जेमतेम वीसेक सभासद. समुद्रकिनाऱ्यावरच्या गाढवांच्या सवारीबद्दलचं विधेयक चालू होतं. ते मारायचं ठरवून आलेले सर पेरेग्रिन टॉली अडीचपर्यंत बोलायच्या तयारीने उभे होते, कारण अडीचला कुणी बोलतच असलं तर चालू विधेयक बारगळतं. गाढवांच्या दातांवर आले होते.

मग सर पेरेग्रिननी खिशातलं घड्याळ काढलं, समाधानाने मान डोलावली, आणि विजयी मुद्रेने बसले.

सभागृहात कुजबुज उठली. भिंतीवरच्या घड्याळात अजून दोन वीसच झाले होते! नवऱ्याची गाडी चुकू नये म्हणून लेडी टॉली त्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावून ठेवायच्या, आणि भिंतीवरचं घड्याळ सर पेरेग्रिनना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. कुणाला काही कळायच्या आत गाढवांचं विधेयक मंजूर झालं. सर पेरेग्रिन तोंड उघडं टाकून बघत राहिले.

"घराबाहेर कपडे वाळत घालण्याबाबतचं विधेयक," लेखनिकाने वाचलं.

ग्वेन प्रॉसर धडपडत उठली. चर्चेला अचानक दहा मिनिटं उरली होती आणि तिची काहीच तयारी नव्हती. चार वाक्यं आईबद्दल, दोन चिमट्यांबद्दल, आणि ती बसली. मेव्हिसचा जीव भांड्यात पडला. चर्चा झाली! शब्द निघाला! आता कसली हरकत? आता मत विचारतील आणि...

हॉरेस उभा राहिला.

"अरे देवा," मेव्हिस पुटपुटली. शेजारच्या माणसाने "शूऽऽ" केलं.

"उपाध्यक्ष महोदय," हॉरेस म्हणाला, "मी आज हरकत घ्यायला आलो होतो." खाली हशा पिकला. "पण चर्चा सुरूच झालीय, तर ती नीट व्हावी. एकाच बाजूने बोलून कसं चालेल? माझी बाजूही तीच आहे, पण ती दुसरी धरा."

आणि तो बोलू लागला! आयुष्यभर साठलेलं सगळं धरण फुटल्यासारखं बाहेर आलं. सोमवारी सगळी गल्ली आरपार दोऱ्यांनी भरायची ते सांगितलं. कोळशाची गाडी आली की बायका बांबूने दोऱ्या उचलून धरायच्या आणि काळा कोळसेवाला पांढऱ्या चादरींखालून राजासारखा मान ताठ करून जायचा, ते सांगितलं. सभासद मांड्या थोपटू लागले. चहाच्या खोलीतून आणखी काही धावत आले. हरकत्या बोलतोय! हॉरेसचे गाल लाल झाले होते, गुडघेसुद्धा विसरला होता.

मेव्हिसची नजर मात्र घड्याळावर. अडीच वाजले तेव्हा हा बोलतच असला तर विधेयक मेलं. त्याच्या तोंडून "हरकत" निघून मेलं असतं, तसंच त्याच्या प्रेमाने मेलं असतं. खाली ग्वेन समोरच्या बाकावरून धावत येऊन त्याचा कोट ओढत होती. हॉरेसने तो सोडवून घेतला.

"माझी बायको," तो म्हणाला, "रोज सकाळी खिडकीशी उभी राहून वारा बघते. तिला वाटतं मी झोपलोय. उपाध्यक्ष महोदय, जिच्या उशीला आयुष्यभर उन्हाचा वास होता, तिला म्हातारपणी हीटरचा वास द्यायचा, याला मी..."

मेव्हिसचे डोळे भरून आले. समोरचं घड्याळ दिसेना. तिने बाहीतला रुमाल काढला आणि डोळे, नाक, सगळं तोंड खसाखसा पुसलं.

मेव्हिसची शिंक ब्रॅकनशॉत प्रसिद्ध होती. दूधवाल्याचा घोडा तिला बिचकायचा. ती शिंक आता गॅलरीच्या लाकडी छताला जाऊन आपटली आणि परत आली. पाठोपाठ दुसरी. मग तिसरी.

खाली हॉरेसचं वाक्य जागच्या जागी तुटलं. ही शिंक ऐकली की हातातलं टाकायचं, ही त्याच्या हाडांत मुरलेली सवय. त्याने वर बघितलं आणि भर सभागृहात म्हणाला, "देव भलं करो, पोरी! खिडकी लावू का?"

"शांत राहा!" उपाध्यक्ष ताडकन उभे राहिले. "सन्माननीय सदस्यांनी खुर्चीला उद्देशून बोलावं. मी शिंकलेलो नाही. आणि मी 'पोरी'ही नाही."

खुर्चीवरचा माणूस उभा राहिला की बाकी सगळ्यांनी बसायचं, हा नियम. हॉरेस बसला. पुन्हा उठून भाषण पुढे चालवता येतं हे त्याला माहीत नव्हतं, कारण इतकं लांब तो कधी गेलाच नव्हता. उपाध्यक्षांनी एक डोळा घड्याळाकडे टाकला. त्यांच्याही घरी बहुधा चादरी असाव्यात.

"अनुकूल असणाऱ्यांनी होय म्हणावं."

"होऽऽय!"

"प्रतिकूल?"

चिडीचूप. हॉरेसने तोंड उघडलं, मग खिशातला स्वच्छ, बिनतपकिरीचा रुमाल काढून नाक पुसलं आणि तोंड मिटलं.

"दुसरं वाचन झालं," उपाध्यक्ष म्हणाले, आणि अडीच वाजले.

माशी शिंकली की कामं बिघडतात म्हणतात. मेव्हिसचा यावरचा विश्वास त्या दिवशी उडाला. दारात टॅपस्कॉट भेटले तेव्हा ती अजून शिंकतच होती. "माल चांगला आहे तुमचा," ती म्हणाली.

गाडीत तिने विचारलं, "म्हणजे आता सोमवारी घालू ना बाहेर?"

"छे! अजून समिती आहे, तिसरं वाचन आहे, मग वरचं सभागृह. पुढच्या वर्षी, कुणी आडवं आलं नाही तर."

मेव्हिस खिडकीबाहेर बघत राहिली. रुळांच्या कडेने घरांमागून घरं जात होती, आणि प्रत्येक परसात कपडे फडफडत होते. "मी सोमवारीच घालणार," ती म्हणाली.

"हरकत नाही," हॉरेस म्हणाला.

सोमवारी वारा सणसणीत होता. चादरी शिडासारख्या फुगल्या, हॉरेसच्या लोकरी चड्ड्या हवेत नाचू लागल्या. मिस्टर स्प्रोट धापा टाकत आले.

"मिसेस एंटविसल! हे ताबडतोब काढा!"

मेव्हिसच्या तोंडात चिमटे होते. तिने उत्तर द्यायच्या आत दोन चादरींच्या मधून हॉरेस बाहेर आला. छाती फुगलेली.

"हरकत!" तो ओरडला. कठड्यावरची कबुतरं उडाली.

स्प्रोट दोन पावलं मागे सरकले. "म्हणजे काय?"

"म्हणजे हरकत नोंदवली. आज निर्णय होत नाही. पुढची तारीख सांगा."

स्प्रोट गोंधळून म्हणाले, "शुक्रवार?"

"शुक्रवारी आम्ही लंडनला असतो," हॉरेस म्हणाला. "त्याच्या पुढची सांगा."

स्प्रोट खिशातली डायरी काढून पानं उलटायला लागले, आणि मेव्हिसने आणखी एक उशीचा अभ्रा चिमट्यात अडकवला.