रोज वेगळा पाय

लढाईच्या वर्षी बाबांच्या फॅक्टरीत ओव्हरटाइम सुरू झाला आणि आमच्या कुत्र्यानं लंगडायला नेमके तेच दिवस निवडले. मला तरी तसंच वाटलं. मी दहा वर्षांची होते आणि राग सदा नाकावर.

जबलपूरच्या त्या क्वार्टरात त्याचं काम ठरलेलं होतं. संध्याकाळचा भोंगा झाला की तो गेटवर जायचा आणि बाबांचा रिकामा डबा तोंडात धरून घरी यायचा. शेजारच्या भाभी मला म्हणायच्या, "तुमसे ज़्यादा काम करता है ये." असं झोंबायचं मला ते.

एक दिवस भोंगा झाला तरी तो उठला नाही. पुढचा डावा पाय उचलून बसून राहिला. दुसऱ्या दिवशी मागचा उजवा, तिसऱ्या दिवशी भलताच. काटाबिटा काही सापडेना. आई म्हणाली, "दुखत असंल गं त्याचं."

"दुखणं रोज पाय बदलते का? सोंग करून राहिला तो," मी म्हटलं. आणि त्याला दोरी बांधून तीन दिवस गेटपर्यंत ओढत नेलं. बिचारा थांबत थांबत आला.

ओढत नेल्याच्या तिसऱ्या दिवशी गेटवर बाबांना पाहून त्यानं शेपटी हलवली आणि त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. बाबांनी त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. मी मागून धरलं आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी त्याचा कान उलटा केला. आत वाटाण्याएवढ्या फुगलेल्या गोचिड्या होत्या. दूधवाल्याच्या म्हशींजवळ लोळायचा ना तो. "किलनी का बुखार है," डॉक्टर म्हणाले. "जोड़ दुखते हैं इसमें, कभी ये पैर, कभी वो." मग माझ्या हातातल्या दोरीकडे पाहून त्यांनी विचारलं, "चलाया तो नहीं इसे?"

"नहीं जी, साइकिल पे लाए," बाबा म्हणाले. मी दोरी पाठीमागे लपवली. त्या लपवण्याची मला आजही लाज वाटते.

इंजेक्शनं झाली. आईनं चिमट्यानं एकेक गोचीड काढून रॉकेलच्या वाटीत टाकली. मी शाळेतून आले की त्याच्या पोत्यावरच बसून राहायचे. तो वाचला.

पुढं भोंगा झाला की तो पुन्हा चारी पायांवर धावत गेटवर जायचा. पण मी दोरी हातात घेतली की लगेच एक पाय वर उचलायचा, आठवेल तो. ते मात्र खरंच सोंग होतं. मी दोरी परत खुंटीला टांगायचे.