नाकदादाची मान

दूध केंद्रावर त्याला सगळे नाकदादा म्हणत. सकाळच्या घाईत प्रत्येक कॅनची चाचणी करत बसायला वेळ कुणाला? दादाने झाकण उचलायचं, नाक खाली न्यायचं, मान हलवली की दूध टाकीत. शंका आली तरच कॅन चाचणीच्या टेबलावर. बावीस वर्षांत एकदाही टाकी नासली नव्हती आणि त्याचा त्याला भारी तोरा होता. आता तोच तोरा गळ्याशी आला होता.

आठ महिन्यांपूर्वी साध्या सर्दीने नाक चोंदलं. दुकानातून थेंब आणले, दोन मिनिटांत नाक मोकळं. सर्दी गेली, थेंब राहिले. आधी दिवसातून दोनदा, मग तासातासाला. पुढे पुढे नाक उघडायचं, पण वास पुसटच. काल बायकोने हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं.

“सर्दी आठवड्यात जाते,” डॉक्टर म्हणाले. “धुळीची, परागकणांची ॲलर्जी असती तर शिंका, खाज, डोळ्यांना पाणी. थंड हवेने, उग्र वासानेही कुणाकुणाचं नाक सुजतं. तुमचं मात्र थेंबांनीच सुजलंय. तीन-चार दिवसांचं औषध आठ महिने घातलंत. आजपासून बंद. दोन-तीन आठवडे चोंदलेलं राहील.”

“माझं पोट नाकावर आहे, साहेब.”

“म्हणूनच सांगतोय.”

आज थेंब नव्हते. नाकात बोळे कोंबल्यासारखं झालं होतं. पहिल्या कॅनवर त्याने वाकून वास घेतल्याचं सोंग केलं आणि हळूच आणणाऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. नजर सरळ होती, सोडला. असे अकरा सोडले. टाकी अर्धी भरली.

बारावा कॅन धाकट्या बहिणीचा. तिची नजरही सरळच होती. पण ही बया लहानपणापासून खोटं बोलतानाही अशीच सरळ बघायची, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याची मान हलेना.

“दादा, हलव की मान. माणसं खोळंबलीत.”

“पंप थांबवा,” तो टाकीवरच्या बाईंना म्हणाला. “मला वास येत नाही. सगळं दूध टेबलावर तपासा.”

बाईंनी पंप बंद केला.

“सकाळपासून?” बाईंनी विचारलं.

हो म्हटलं असतं तर सुटला असता.

“नाही. तीन महिने झाले,” तो म्हणाला. “मी तोंडं बघून मान हलवतोय.”