देवूची फायनल

“देवू, बोनस नको, समोर पाचच आहेत!” बाद होऊन मी रेषेबाहेर बसलेलो. माझी आरोळी रानशेतहून गुजरातेत पोचली असेल. सहा गडी असल्याशिवाय बोनस मिळत नाही, हे आमच्या म्हशींनाही ठाऊक होतं.

आज गुडघ्याला मलम चोळताना त्या कबड्डीच्या मैदानाचा वास आला. साखळी सामन्यांत देवू चढाईला निघाला की समोरचे धाकानेच बाद व्हायचे. शेजारच्या उधवा गावचा जान्या एरवी सामान्य, पण दर फायनलला देवू त्याच्यासमोर कचरायचा आणि आम्ही हरायचो. हीही हरलो तर गाव देवूला कायमचं घाबरट म्हणणार होतं. शेवटची चढाई, आम्ही एका गुणाने मागे. देवूने बोनसरेषेपलीकडे पाय टाकला आणि जान्याने तो धरला.

परतताना विचारलं, “ऐकू नाही आलं रे?”

“आलं ना. पाय आधीच गेलेला.”