जमिनीत रुजलेलं

वेस्ट विंडसरचं घर विकताना मी वॉशर-ड्रायरसाठी तीन दिवस भांडलो आणि दोन्ही सोडवून आणले. घर घेणारं जोडपं पुण्याचं, माझ्या मुलाच्या वयाचं. नवरा शेवटी वैतागून म्हणाला, "घ्या काका, पडद्यांच्या दांड्यासुद्धा घ्या." मी त्याही घेतल्या. या देशात मी दोन बॅगा घेऊन आलो होतो. हातची वस्तू सोडणं मला कधी जमलं नाही.

मागच्या उतारावरची दगडबाग मात्र कागदावर आलीच नाही. ती माझ्या बायकोची. दगडांमध्ये खडी भरून तिने ड्रायस लावलं होतं. उंच पहाडांवरचं, जमिनीला चिकटून पसरणारं, बर्फाखालीही हिरवं राहणारं झुडूप. चार वर्षं ते तळहाताएवढंच होतं.

"हे असं इंचाइंचाने वाढणार?" मी चिडायचो.

"तुला सगळं आजच्या आज हवं," ती म्हणायची.

ती गेली तेव्हा त्याची दोन हात रुंद चटई झाली होती.

सह्या झाल्यावर आठवड्याने मी फावडं घेऊन गेलो. घर घेणाऱ्या त्या तरुणाने दारातच अडवलं. "काका, जमिनीत रुजलेलं घराबरोबर येतं. काँट्रॅक्ट वाचा."

ते खरं होतं. तरी मी आवाज चढवला, त्याला कोत्या मनाचा म्हणालो. ती झाडं बायकोने लावलीत, एवढं मात्र तोंडातून निघालं नाही. गरज दिसली की समोरचा अडून बसतो, हे धरूनच मी आयुष्यभर सौदे केले.

एप्रिलमध्ये त्याच्या बायकोचा फोन आला. "काका, शेजारी म्हणाले ती झाडं काकूंची होती. आम्हाला खरंच माहीत नव्हतं. या ना, घेऊन जा."

जर्सी सिटीहून तसाच निघालो. उतारावर वीतभर काळा मल्च, लाकडाचा तो ओलसर चुरा. माळीकाम करणाऱ्यांनी माझ्या त्या फेरीनंतर, शरद ऋतूतच सगळ्या आवारात ओतला होता, खडीवरसुद्धा. गुडघे टेकून मी बोटांनी उकरलं. खालची पानं उकळलेल्या चहापत्तीसारखी हातात आली. नखाने खोड खरवडलं. हिरवं कुठेच नव्हतं.

तिचा नवरा माझ्याजवळ बसून मल्च उपसू लागला.

"मूळ जिवंत असेल ना, काका?"

"नाही."

"एकदा सांगायचं तरी होतं."

मी त्याच्यावर ओरडलो. शेजारचे बाहेर येईपर्यंत ओरडत होतो. तो मान खाली घालून उपसतच राहिला.