बायजाआजीच्या पायांना काम

बायजाआजीला कधी स्वस्थ बसलेली पाहिलंय, असं सांगणारा माणूस कासू गावाच्या आसपास शोधून सापडायचा नाही. भात लावायला ही पुढे, लग्नघरी भाकऱ्या थापायला ही पुढे, आणि भांडायला तर सगळ्यांच्याच पुढे. अशी ही बाई गेल्या भाद्रपदात शेवाळलेल्या पायरीवरून घसरली आणि खुबा मोडून घेतला. पेणला ऑपरेशन झालं, टाके निघाले. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळतंय, आता हळूहळू चालायला लावा.

पण चालायला लावतो कोण! घरच्यांच्या मायेने तिला खाटेवरून उठूच दिलं नाही. पाणी हातात, ताट मांडीवर, वेणीसुद्धा सून निशिगंधा घालायची. शेजारची सगुणा रोज येऊन गोधडी गळ्यापर्यंत ओढायची. "नीज गो बायजे, जन्मभर लय राबलीस." मुलगा प्रविण रोह्याला कंपनीत कामाला. त्याने तर पुढचं सगळं ठरवूनच टाकलं. रोह्यात खोली घ्यायची, घराला कुलूप लावायचं आणि भात कापल्यावर शेतात वाल पेरायचा तो यंदापासून गावातल्या रघूने पेरायचा. आईला विचारलं का? छे! खाटेवरच्या माणसाला कोण विचारतंय.

आजी गप्प झाली. बायजाआजी गप्प म्हणजे घर कसं सुतकात असल्यासारखं वाटायला लागलं. तिचं मन रमावं म्हणून नात किमया उशाशी मोबाईल धरून बसायची. एक दिवस तिने अंतराळवीरांचे व्हिडिओ लावले. एक बाई यानात तरंगत होती, केस चहूबाजूंनी उभे. पाण्याचा गोळा हवेत सोडायची आणि मासा गळाला लागावा तशी जाऊन तोंडात पकडायची.

"अगो, ती दात घासून थुंकली नाय!"

"गिळते, आजी. थुंकी घरभर उडत राहील ना."

"शी! नि निजते कशी?"

"भिंतीला पिशवी बांधलेली असते, तिच्यात शिरून."

आजी कितीतरी दिवसांनी खो-खो हसली. पण पुढच्या व्हिडिओत तीच बाई कमरेला, खांद्याला पट्टे बांधून, औताला जुंपल्यासारखी, फिरत्या पट्ट्यावर धावत होती. घामाघूम. आजीचं हसू थांबलं.

"हिला कोणी शिक्षा दिली काय?"

"नाय गो. तिथे वजनच लागत नाही. पायांना काम नाही, मग हाडं झिजतात. म्हणून ते पट्टे मुद्दाम खाली ओढतात आणि ती रोज धावते. खाली उतरल्यावर उभं राहता यायला हवं ना."

आजीने गोधडी बाजूला केली आणि स्वतःच्या पायांकडे पाहिलं. काटक्या झाल्या होत्या.

"मंग मी तरी कुठं जमिनीवर हाय?" ती म्हणाली. "मला पण वरच ठेवलंय तुम्ही. जा, डॉक्टरला फोन कर. विचार, पायाला बांधून ओढायला काय आणू."

डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, सोबत माणूस हवा म्हणाले. सायकलची जुनी ट्यूब निघाली. तिचं एक टोक खाटेच्या पायाला, दुसरं आजीच्या घोट्याला. निशिगंधा आधी घाबरली, पण सासूने एकच डोळा असा वटारला की ती पदर खोचून उभी राहिली. सकाळी ओढा, दुपारी ओढा, मध्ये वॉकर धरून पडवीत येरझाऱ्या. आजी कण्हायची, शिव्या द्यायची, आणि पुन्हा ओढायची.

आता झालं असं, की एका दुपारी सगुणा खिडकीशी आली. आत बघते तर काय! म्हातारीचा पाय खाटेला बांधलेला, म्हातारी ओरडतेय, आणि सून कमरेवर हात ठेवून दरडावतेय, "आणखी! आज नाय सोडायची मी तुम्हाला!"

सगुणा धावतच सुटली. सुनेने सासूला बांधून ठेवलंय, ही बातमी आळीतून नाक्यावर, नाक्यावरून रिक्षात, रिक्षातून स्टेशनावर आणि तिथून फोनने थेट रोह्याला कंपनीच्या गेटवर. प्रविण अर्धी शिफ्ट टाकून आला, तेव्हा अंगणात गाव जमलेलं.

"आई, लाज आणलीस! लोक काय म्हणतायत? बस झालं हे खूळ. उद्याच टेम्पो आणतो."

आजी दारात उभी राहिली. वॉकर धरलेला, पाय थरथरतायत, पण आवाज जुनाच.

"सगुणे, सुनेनं नाय बांधलं मला. मीच बांधलं. बांधून तुम्ही सगळ्यांनी ठेवलेलं, गोधडीनं!" मग मुलाकडे वळली. "त्या वरच्या बाईला खाली आणली तेव्हा उचलून खुर्चीत घातली. मी बघितलं. तिला कोणी म्हटलं काय, झालं आता, पडून ऱ्हा? दुसऱ्या दिवशी चालायला लावली तिला. आणि मला खोलीत नेऊन टाकतोस?"

"तुझ्या काळजीनंच ना?"

"काळजी ठेव तुझ्याकडं. रविवारी रघू पेरायला येणार. त्याच्या आधी मी बांधावर पोचले तर घर उघडं ऱ्हाईल, वाल मी पेरीन. नाय पोचले तर आण टेम्पो. मी आपणहून चढेन."

साऱ्या अंगणासमोर प्रविण नाही कसा म्हणणार?

रविवारी उजाडताच आजी निघाली. रस्ता संपेपर्यंत वॉकर चालला. पुढे ओल्या मातीत त्याचे पाय रुतायला लागले, तो तिथेच सोडला. हातात काठी, मागे निशिगंधा, तिच्यामागे किमया. दोघींना ताकीद एकच, पडायला लागले तरच धरा. प्रविण लांबून बघत होता.

समोरच्या बाजूने रघू येत होता, डोक्यावर बियाण्याची पाटी. त्याने आजीला पाहिलं आणि वाटेतच खाली बसून बिडी काढली. काडी ओढतोय, विझवतोय, पुन्हा ओढतोय. बिचाऱ्याच्या मनात चांगलंच होतं.

"रघ्या!" आजी मळ्याच्या या टोकावरून ओरडली. "माझ्यासाठी बसू नको! उठ, चाल! भीक नको मला!"

रघू दचकून उठला आणि खरंच चालायला लागला. तो भरभर, ही एकेक पाऊल; पण बिडीपायी त्याची बरीच वाट अजून उरली होती. आजीने काठी रोवली, दात आवळले. एकदा पाय घसरला. निशिगंधाचा हात पुढे आला, तो आजीने कोपराने ढकलला. शेवटची चढण तिने जवळजवळ गुडघ्यावर हात दाबत काढली आणि बांधावर उभी राहिली. रघू अजून खालच्या वाफ्यात होता. तो वर आला, पाटी उतरवली आणि तिच्यासमोर ठेवली.

आजीने मूठभर वाल उचलले, वाकता येईना म्हणून किमयाच्या हातात दिले आणि कुठे टाकायचे ते काठीने दाखवायला लागली.

प्रविण धावत आला, डोळे भरलेले. "आई, जिंकलीस. चल, आता उचलून नेतो."

"हात लावू नको," आजी म्हणाली. "चालत आले, चालतच येईन. तू पुढं हो नि चहा टाक."