दोंडाईच्याचे अनामिकभाऊ

दोंडाईच्यात आमच्या शेजारी गाद्या पिंजणारे एक भाऊ राहतात. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र. अंगणातून ओट्यावर चढली तरी धापा टाकायची, ओठ निळे पडायचे. ऑपरेशनची तारीख मिळाली, पैसे मात्र नव्हते. मी निवृत्त मास्तर, म्हणजे गावातला सगळ्यात रिकामा आणि सगळ्यात शहाणा माणूस. मोबाइलवर मदतीचं पान उघडलं आणि व्हॉट्सॲपवर ऐटीत लिहिलं, नावाचा रकाना कोरा सोडला तरी चालेल.

लोकांनी तो इमानेइतबारे कोरा सोडला. पानावर प्रत्येक रकमेपुढे ‘अनामिक’ उमटलं.

झालं! कोणी अनामिकभाऊ एकटेच पैसे ओतताहेत, अशी बातमी गावभर पसरली. एकाने त्यांची सुरतेतली कापडाची पेढीही शोधून काढली. सत्काराची शाल आली. किराणावाले नाना तर माझ्याशी भांडायलाच आले.

“हाऊ अनामिक कोन शे? मना पैसा त्याना नाववर कसा गयात?”

बाकीचे निवांत झाले. एवढा मोठा दाता असताना आपण कशाला? पैसे यायचे थांबले आणि तारीख आठ दिवसांवर आली. मला स्वतःचाच इतका राग आला की दिवसभर मी कुणालाच अक्कल शिकवली नाही.

आमच्याकडे लग्नात आहेर माइकवर पुकारतात. नाव पुकारलं नाही तर माणूस जेवण अर्धवट टाकून उठतो. मी मंडपवाल्याचा माइक मागून आणला आणि बाजाराच्या दिवशी चौकात उभा राहिलो. आधी नानांचं नाव दोनदा पुकारलं. मग व्याह्यांनी व्याह्यांवर, जावांनी जावांवर मात करायला सुरुवात केली. एक मिरची खुडणारी अक्का घामेजलेली नोट माझ्या मुठीत कोंबून हळूच म्हणाली, “मन्हं नाव नको लेजो भाऊ.” मला एकदम भरून आलं. पुढची दोन नावं मी चुकीची पुकारली आणि त्यावरून वेगळी भांडणं झाली.

ऑपरेशन झालं.

चार महिन्यांनी त्या पोरीने माझ्या झाडाचे कच्चे पेरू तोडले. मी काठी घेऊन मागे लागलो. चौकापर्यंत जाता जाता मलाच धाप लागली. ती मात्र थांबलीच नाही, पळत पळत वळणाआड गेली. मी तिथेच रस्त्यात बसलो आणि लोक विचारायला लागले, मास्तर, रडताय कशाला, पेरूच तर होते.